न दिसणाऱ्या दुखण्याचे टक्के

माझ्या भावाचं दुखणं उठलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. ओरडत नाही. आई शेकायला पाणी गरम करते, बाबा ऑटो बघायला जातात आणि मी फाईल शोधते. फाईलमध्ये सगळ्यात वर त्याचं लाल कार्ड असतं.

आमच्या उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला, या कार्डाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लाल म्हणजे एसएस, सिकलसेलचा रुग्ण. पिवळं म्हणजे एएस, वाहक. माझ्याकडे पिवळं आहे. आई आणि बाबा दोघंही एएस. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. ते 25 टक्के माझ्या भावाच्या वाट्याला आले.

या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. रक्त पुढे जात नाही, आणि हाडात कळ उठते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. ना जखम, ना सूज, ना प्लास्टर.

तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा एका रात्री आम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला आणि म्हणाले, "पाय तर चांगला दिसतोय. नाटकं कशाला करतो?" आई हात जोडून म्हणाली, "साहेब, त्याचं दुखणं आतमधी हाये." इंजेक्शन मिळालं, पण दोन तासांनी. त्यानंतर तो दवाखान्यात चल म्हटलं की मान हलवायचा. "सहन होते मले," म्हणायचा.

दोन वर्षांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे होतो. वेळ जात नव्हता म्हणून मी मोबाईलवर कायदा वाचत बसले. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि त्यात रक्ताचे तीन विकार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. आमच्या घरातलं दुखणं दिल्लीच्या कायद्यात पहिल्यांदा लिहिलेलं मी तेव्हा पाहिलं. मी मोठ्याने वाचलं तसे पुढचे काका वळून म्हणाले, "ते रामटेके साहेबांमुळं आहे, बेटा."

संपत रामटेके नागपूरचेच. ते डॉक्टर नव्हते. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून त्यांनी रुग्णांची कुटुंबं एकत्र आणली आणि या आजाराला अपंगत्वाच्या कायद्यात जागा मिळावी, ही मागणी लावून धरली. 2018 साली त्यांना समाजसेवेसाठी पद्मश्री जाहीर झाली.

नागपुरात सिकलसेल आहे, हे डॉक्टरांनी 1958 मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे माहिती होती. पण आपल्याकडे हा आजार जास्त करून दलित वस्त्यांमध्ये, आदिवासी पाड्यांवर, ओबीसी घरांमध्ये. तिथली माहिती आपोआप दिल्लीला पोचत नाही. पोराची शाळा किती बुडाली, बापाची मजुरी किती दिवस गेली, कुणाचं लग्न कार्ड बघून मोडलं, हे रक्ताच्या रिपोर्टवर येत नाही. ते ज्याने घराघरांत बसून ऐकलंय, तोच ते कायदा करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत नेऊ शकतो.

त्या दिवशी भाऊ मात्र चिडलेला होता. "मी दिव्यांग नाहीये, ताई. मी क्रिकेट खेळतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत गेल्यावर विचारलं, किती वेळा भरती झाला? रक्त किती वेळा चढवलं? कागद दाखवा. फायद्यांसाठी किमान 40 टक्के लागतात. आमचे भरले नाहीत. कारण त्या दोन वर्षांतल्या बहुतेक रात्री त्याने घरीच काढल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. 'नाटकं' म्हटल्यामुळे तो गेला नाही, आणि गेला नाही म्हणून त्याचं दुखणं मोजलं गेलं नाही.

पुढच्या वर्षी तो तीनदा भरती झाला, तेव्हा टक्के भरले. त्याला कॉलेजात दिव्यांगांच्या 5 टक्के जागांमधून प्रवेश मिळाला. आता तो नोकरी शोधतोय, आणि तिथे नवीनच गोष्ट कळली. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्तविकार नाहीतच. त्याच कायद्याने त्याला वर्गात बसवलं आणि त्याच कायद्याने ऑफिसच्या दाराशी थांबवलं.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य आहे. माझ्यासारख्या पिवळ्या कार्डवाल्यांसाठी ते मोलाचं आहे. लग्नाआधी समोरच्याचं कार्ड विचारायची लाज त्यातून कमी होईल. पण 2047 मध्ये माझा भाऊ पंचेचाळिशीत असेल. त्याला पगार आत्ता हवाय.

रामटेकेंनी एक दार उघडलं. पुढच्या दारासाठीही कुणालातरी कागद घेऊन जावं लागणार आहे, आणि कागद घरातूनच सुरू होतात. म्हणून आम्ही आता एक वही ठेवली आहे: तारीख, कुठे दुखलं, किती वेळ, कोणती गोळी. आधी मी लिहायचे. कालची नोंद त्याने स्वतः केली:

कंबर आणि डावी मांडी. साडेतीन तास. दवाखान्यात गेलो नाही.