जे पुन्हा लाल होत नाही

पुण्याच्या पश्चिमेची उपग्रहचित्रं सालवार लावून पाहत बसण्याचा मला छंद आहे. १९७२च्या जुलैमध्ये पहिला लँडसॅट अवकाशात गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे सुमारे ऐंशी मीटर व्यापायचा. पुढच्या उपग्रहांनी तो तीस मीटरवर आणला. २००८ साली हा सारा साठा मोफत खुला झाला आणि आपल्या गावाचं पालटणं कुणालाही पाहता येऊ लागलं.

या चित्रांत हिरवं रान लाल दिसतं. पानं अवरक्त प्रकाश भरभरून परतवतात आणि त्या अदृश्य उजेडाला चित्रात लाल रंग देतात. खडकवासल्याचं पाणी काळंनिळं, वस्ती राखाडी. हिंजवडी-वाकडच्या जुन्या चित्रांत मुळा नदीच्या दोन्ही अंगांना लाल तुकड्यांची दाटी आहे. आयटी पार्क आल्यानंतरच्या चित्रांत रस्त्यारस्त्यानं राखाडी पुढे सरकतो आणि मागे उरलेल्या फटी भरत जातो.

वैशाखात मात्र नजर फसते. नांगरून तापत पडलेलं रान आणि सिमेंटचा पसारा चित्रात जवळजवळ एकसारखे उजळ दिसतात. मग पावसानंतरचं चित्र शेजारी ठेवायचं. जे पुन्हा लाल झालं ते शेत. जे झालं नाही ती वस्ती. पुष्कळ नकाशाकार तर धरूनच चालतात की एकदा बांधलेली जागा पुन्हा रान होत नाही. गणिताची ही सोय वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

घरांवर माझा राग नाही. तीस मीटरच्या त्या राखाडी ठिपक्यात कुणाचं आयुष्यातलं पहिलं हक्काचं घर असतं. तीच इमारत उभारणाऱ्या मजुरांच्या चार पत्र्याच्या खोल्या मात्र त्यात हरवतात. त्यांच्यासाठी पायीच हिंडावं लागतं.

माणसाला निवारा हवाच. पण शेतकऱ्याचं एखादं पीक चुकलं तर पुढचा पाऊस त्याला दुसरी संधी देतो. ओढा बुजवून उभ्या केलेल्या इमारतीला अशी संधी नसते, आणि तुंबलेलं पाणी तिथे राहायला आलेल्यांच्या घरात शिरतं. म्हणून बांधकामाच्या परवानगीवर सही होण्याआधी त्या जमिनीची पन्नास वर्षांची चित्रं टेबलावर मांडली जावीत. पाणी कुठून वाहत होतं आणि माती कुठे पिकत होती, हे त्यांत बरंचसं दिसतं. ते पाहूनच घरांची जागा ठरावी.