आधी व्हॅक्युम बघ

गालिचे धुण्याच्या धंद्यात नवीन आलेली पोरं मशीन घेण्याआधी एकच विचारतात, ‘दादा, प्रेशर किती पीएसआयचं घेऊ?’ मी सांगतो, प्रेशर नंतर, आधी व्हॅक्युमची मोटर बघ. गालिच्यात पाणी कुठलंही मशीन घालतं. ते परत ओढून काढणारं मशीन मिळालं, तरच मुळशीत धंदा टिकतो.

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत पाच हजारांच्या वर. पौड ओलांडून मुळशी धरणाच्या बाजूला गेलं की रिसॉर्ट आणि फार्महाऊसची कामं असतात. जुलैत तिथली हवाच ओलीचिंब. नुसता ब्लोअर लावला तर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, ब्लोअरच्या जोडीला डीह्युमिडिफायर चालवायचा आणि त्याची टाकी भरली की रिकामी करायची. गालिचा दोनेक दिवस ओला राहिला की पाठीला बुरशी धरते, मग तो कुबट वास जाता जात नाही.

म्हणून दांड्याला पारदर्शक तोंड असलेलं एक्स्ट्रॅक्शन मशीनच मला हवं असतं. पहिल्या ओढीला त्या काचेतून तांबडं पाणी धावत वर जातं, मग गढूळ, मग फिकट. तेवढ्यावर थांबायचं नाही. पाण्याचा खटका सोडून नुसतं ओढत राहायचं, काचेवर थेंब दिसेनासे होईपर्यंत. मग तळहात दाबून बघायचा. हात ओलसर लागला तर चालतं, पाणी वर आलं तर पुन्हा ओढायचं.

विजेचं गणितही घरून करून निघावं लागतं. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर जेमतेम साडेतीन हजार वॅट मिळतात. बाराशे वॅटच्या दोन मोटरी आणि वर दोन हजारांचा हीटर एकाच प्लगवर लावला की ट्रिप झालंच समजा. हीटरला वेगळी केबल, वेगळं सर्किट.

हिंजवडीच्या ऑफिसांत गोष्ट निराळी. तिथे नायलॉनच्या चौकोनी टाइल्स, खाली गोंद, आणि काम शनिवारी रात्री. भरपूर पाणी घातलं की टाइलच्या कडा सुटतात. तिथे सिंगल डिस्क मशीन आणि बॉनेट पॅड, थोड्या पाण्यात. पण आधी ब्रशवाल्या व्हॅक्युमने कोरडी धूळ काढायची. फार्महाऊसवरच्या तांबड्या चिखलालाही तेच लागू. तो पूर्ण वाळू द्यावा, मगच व्हॅक्युम.

लोकरीच्या गालिच्यावर मात्र डिस्क मशीन नेऊच नये. ओळखायचं कसं? कडेचा सुटलेला धागा घेऊन काडीने जाळावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. भदोहीच्या किंवा काश्मिरी गालिच्याचा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून तपासायचा, सोड्याचं तिखट द्रावण लांब ठेवायचं, झालर हाताने धुवायची.

भांडवल कमी असेल तर हीटर पुढच्या वर्षी घ्यावा. डीह्युमिडिफायर मात्र पावसाळ्यापुरता भाड्याने का होईना, गाडीत असलाच पाहिजे.