स्पिटफायरची चुलत बहीण

निवृत्त माणसाने काय करावे, याबद्दल सल्ल्यांचा तुटवडा नाही. कोणी बागकाम सुचवितो, कोणी पारायण. जुनी मोटार पुन्हा उभी करा, असे मात्र मला एकानेही सुचविले नव्हते. ते खूळ माझे स्वतःचे! तीस वर्षे बँकेत आकडेमोड केली. स्क्रू-ड्रायव्हरशी संबंध आला तो मिक्सर दुरुस्तीपुरता.

गाडी आमच्या वडिलांची, नानांची. नाना वरणगावला डॉक्टरकी करीत. १९७० सालची त्यांची स्टँडर्ड हेराल्ड, चार दारांची, फिक्या निळ्या रंगाची. अडलेली बाळंतीण घेऊन ते रात्री-अपरात्री भुसावळला धावत. दोन बाळांनी तर भुसावळ येईपर्यंतही दम धरला नाही! ती दोघे आता पन्नाशीला टेकली आहेत. १९९२ पासून मात्र गाडी गोठ्यात उभी होती.

हेराल्ड ही कुठली आली स्पोर्ट्स कार, असे आपण म्हणाल. पण सोयरीक जमविताना पाहतो तशी वंशावळ पाहावी. ट्रायंफ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली निघाली. तिचे रूप रेखाटले जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने. तिचीच चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तीच्या रेखाटनातून १९६२ साली स्पिटफायर ही दोघांपुरती, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार जन्मली. आपल्याकडे मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून हेराल्ड होऊ लागली आणि पुढे तिला चार दारे आली, ती फक्त भारतातच. म्हणजे आमची गाडी स्पिटफायरची चुलत बहीण. संसारात पडलेली, इतकेच.

नवशिक्याला ही बहीण मोठी सोयीची. हिची चासी वेगळी आणि वरचे पत्रे तिच्यावर बोल्टांनी जोडलेले. बॉनेट तर मडगार्डांसकट पुढे कलते आणि इंजिन उघड्यावर येते. पुढच्या चाकावर बसून खुशाल काम करावे.

भुसावळचे एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना बोलावून आणले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, पान्याला हात नका लावू. आधी वही आणा."

आमच्या सौभाग्यवतींना रंगाची घाई. "चाचा, निळाच द्यायचा ना?"

"भाभी, आधी तिला थांबायला शिकवू, मग पळायला. नटायचे सगळ्यात शेवटी."

आमचा सारा अभ्यासक्रम या दोन वाक्यांत आला. पहिल्या आठवड्यात एकही नट सैल केला नाही. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. प्रत्येक वायर, प्रत्येक नळी कुठून कुठे जाते त्याचे फोटो काढले आणि वहीत टिपले. मग श्रीखंडाचे रिकामे डबे जमविले. ज्या भागाचे बोल्ट, त्याची चिठ्ठी डब्यावर. बँकेतली सवय अखेर कामाला आली! चाचांनी जुने इंची पाने आणले. हेराल्डचे नट इंची मापाचे. आजचा तेरा मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो खरा, पण किंचित सैल. नटाचे कोपरे झिजले की तो छिन्नीनेच काढावा लागतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही, खाली भक्कम घोडे लावायचे, हा नियम चाचांनी देवाच्या शपथेवर घालून दिला.

खानदेशच्या कोरड्या उन्हाने एक उपकार केला आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत पडली असती, तर पत्र्याची चाळण झाली असती. इथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचत गेलो, तो चासीच्या कडेच्या बाहूंत दोन ठिकाणी तेवढा आत शिरला. तिथे खडूने फुल्या मारल्या. पण त्याच उन्हाने रबराचा जीव घेतला आहे. होस, टायर शिळ्या भाकरीसारखे तडकले आहेत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. म्हणून आधी ब्रेक.

हौस महाग आहे, हेही सांगितले पाहिजे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. विंटेज म्हणून नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, असेही ठरले. "म्हणजे भाजीलासुद्धा न्यायची नाही?" सौभाग्यवतींनी विचारले. मी वहीत तोंड खुपसले.

खरे सांगायचे तर मला घाई गाडीची नाही, नानांची आहे. नाना एकोणनव्वद वर्षांचे झाले. दृष्टी जवळजवळ गेली आहे. माझी वही भरेपर्यंत वेळ आहे की नाही, कोण सांगणार?

इतकी वर्षे उभे असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवायचे नसते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि आठ दिवस तसेच ठेवले. नवव्या दिवशी नानांची खुर्ची गोठ्यात आणली. त्यांनी स्टेथोस्कोप मागविला आणि चाचपडत इंजिनवर टेकवला. चाचांनी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला. थोडे अडले, मग चार बोटे सरकले, मग पुरता एक फेरा!

"अडलेली नाही," नाना म्हणाले. "कळा यायला वेळ लागेल, एवढेच."

या दिवाळीला गाडी चालणार नाही. ब्रेकची रबरे मुंबईहून आली आहेत, ती भाऊबीजेनंतर बसतील. नाना रोज सकाळी विचारतात, "आज काय उघडले?" आणि मी वही वाचून दाखवितो. आपल्यापैकी कोणाच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी धूळ खात उभी असेल, तर चाचांचा सल्ला आपल्यालाही फुकट आहे. आधी वही आणा. आणि तिच्यातून फिरलेले कोणी माणूस घरात असेल, तर उद्यावर टाकू नका.