डग्ग्याचा शोध

गेल्या वर्षी दिवाळीत आमच्या घरी होम थिएटर आले. पाच लहान स्पीकर, एक अँप्लिफायर आणि जमिनीवर ठेवायचा सबवूफर नावाचा काळा खोका, असा तो बेताच्या किमतीचा संच. चिरंजीवांनी पहिल्याच रात्री एक युद्धपट लावला. त्यातील स्फोटांनी फडताळातील फुलपात्री वाजू लागली, आणि पैसे वसूल झाल्याचे समाधान आम्ही एकमेकांच्या चेहऱ्यावर पाहिले.

परंतु संच घेतला होता तो तात्यांसाठी. आमचे तीर्थरूप तात्या आज ८६ वर्षांचे आहेत. इंदुरात रामबागेत आमचे बिऱ्हाड होते, त्या काळी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत ते तबल्याची साथ करीत. नाना पानसे यांचा पखवाज ज्या शहराने ऐकला, तेथे हौशी तबलजीने फार मिरवू नये, असे ते स्वतःच म्हणत. १९७९ सालच्या उत्सवात आमची आई मालकंसातील तीनतालाची एक बंदिश गायली, साथीला तात्याच होते. त्या गाण्याची कॅसेट घरात होती. २०११ साली आई गेली आणि नंतर ती कॅसेट कोणी लावली नाही. चिरंजीवांनी आता ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती.

या कॅसेटशी एक जुना वादही बांधलेला होता. आईचे म्हणणे असे, की अंतऱ्यानंतरच्या एका आवर्तनात तात्या चुकले, खालीच्या जागी त्यांचा डग्गा वाजला आणि तिने शब्द लांबवून त्यांना सांभाळून घेतले. तात्यांचे उत्तर ठरलेले होते : "मुळीच नाही." निकाल लागण्याचा संभव नव्हता, कारण आमच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर तळहाताएवढा. तीनतालाच्या ठेक्यात खालीच्या वेळी डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. डग्गाच ऐकू आला नाही, की 'धिं'चे 'तिं' होते, 'धा'चा 'ता' होतो आणि सगळा ठेका खालीसारखाच वाटू लागतो. कोणी कोणाला दोष द्यावा?

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही मोठ्या हौसेने ते गाणे नव्या संचावर लावले. आईचा आवाज इतका स्वच्छ आला, की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हातातील झारा तसाच घेऊन बाहेर आली. पेटी होती, तंबोरा होता, तबल्याची चाटसुद्धा होती. डग्गा मात्र नव्हता. तात्यांनी पाचएक मिनिटे ऐकले. "मी काय एकाच हाताने वाजवत होतो?" एवढेच बोलून ते आपल्या खोलीत गेले. त्यानंतर दोनदा बोलावले, पण ते आले नाहीत.

वयामुळे त्यांना ऐकू आले नसेल, अशी आम्ही आमची समजूत घातली. ती खोटी होती. वय झाले म्हणजे आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. खर्ज त्या मानाने पुष्कळ दिवस टिकतो. शिवाय डग्गा आम्हांलाही ऐकू आला नव्हता. दुकानदाराला विचारले तर त्याने मोठा सबवूफर घ्यायला सांगितले. त्याची किंमत आमच्या सबंध संचाएवढी होती, तरी आम्ही जवळजवळ होकार देऊन आलो होतो. सौभाग्यवतीने विचारले, "स्फोटांनी भांडी पडायची वेळ येते, मग डग्गाच तेवढा का वाजत नाही?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून संचासोबत आलेली पुस्तिका आम्ही प्रथमच उघडली. चित्रपटात गडगडाटासाठी एक स्वतंत्र वाहिनी असते आणि ती थेट सबवूफरकडे जाते. आमचे गाणे दोनच वाहिन्यांचे. त्यातला खर्ज काढून खोक्याकडे पाठविण्याचे काम अँप्लिफायरचे, पण त्याच्या मांडणीत स्पीकर 'मोठे' अशी नोंद होती. त्यामुळे सारा खर्ज तीन इंची स्पीकरांकडे जात होता आणि तेथेच विरत होता. स्पीकर 'लहान' आहेत, ही वस्तुस्थिती आम्ही त्यास कळविली. खोक्याच्या पाठीमागचे बटणही ५० हर्ट्झवर अगदी खाली होते. लहान स्पीकर साधारण १५० च्या खाली दमतात. मधल्या पोकळीत, १०० च्या आसपास, डग्गा राहतो. ते बटण वर नेले.

डग्गा आला, पण सुजून आला. खोका पडद्यामागे कोपऱ्यात होता, आणि दोन भिंती व जमीन मिळून खर्जाला फुगवतात. डग्ग्यावर मनगट घासून मींड काढली, की स्वर चढत जातो. आमच्याकडे त्यातली एक पायरी ढोलासारखी दणकत होती आणि पुढची दोन गायब. कारण खोलीच्या भिंतींत आहे. ८५ हर्ट्झच्या ध्वनीची लहर सुमारे चार मीटर, म्हणजे तेरा फूट लांब असते. आमच्या दिवाणखान्यात ती जेमतेम मावते, आणि भिंतीवरून परतलेली लहर येणाऱ्या लहरीला कोठे दुप्पट करते, कोठे पुसून टाकते. तात्यांची खुर्ची अशाच एखाद्या पुसलेल्या जागी असणार. ती हलविणे अशक्य होते, गेली तीस वर्षे ती तेथेच आहे.

यावर एक युक्ती आहे, आणि ती करताना माणसाने दार लावून घ्यावे. सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणे लावायचे आणि आपण जमिनीवर रांगत हिंडायचे. जेथे खर्ज भरीव आणि सारखा लागेल, तेथे खोका ठेवायचा, कारण खोका व कान यांनी जागा बदलल्या तरी त्या दोन जागांमधला ध्वनीचा हिशेब तोच राहतो. बटण वर नेल्यामुळे आवाज कोठून येतो हे थोडे कळू लागले होते, म्हणून समोरच्या भिंतीपासून फार लांब जाण्याची मुभा नव्हती. आम्ही तीच मींड पुन्हा पुन्हा लावून, कान जमिनीलगत धरून भिंतीच्या कडेने सरकत होतो. एवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. सौभाग्यवतीने त्यांना "ह्यांची अंगठी हरवलीय" असे सांगितले. काकूही वाकून पाहू लागल्या.

जागा सापडली ती टीव्हीच्या टेबलाच्या डाव्या अंगाला, कोपऱ्यापासून चारएक फुटांवर. तेथे मींड सरळ चढली. डाव्या स्पीकरची तांबडी-काळी तार आम्हीच उलटी जोडली होती, तीही निघाली. खोक्यावरची फेजची कळ दोन्हीकडे फिरवून जिकडे भरीव वाटले तिकडे ठेवली. शेवटी खोक्याचा आवाज थोडा वाढविला. मंद आवाजात आपल्या कानाला खर्ज अधिकच कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखविले आहे, आणि आमच्याकडे गाणी रात्री, हळू आवाजातच लागतात. खर्च काही झाला नाही. गुडघ्यांना मात्र दोन दिवस तेल चोळावे लागले.

तात्यांना आम्ही काही सांगितले नाही. रात्री जेवणानंतर ते खुर्चीवर टेकले असताना गाणे सुरू केले. अस्ताईच्या पहिल्या समेवर त्यांचा डावा हात मांडीवर आला आणि मनगट हलू लागले. अंतरा झाला. पुढच्या आवर्तनात, जेथे घुमारा थांबायचा, तेथे तो थांबला नाही. एक, दोन, तीन मात्रा डग्गा भरलेलाच वाजत राहिला. वर आईने एक अक्षर धरले, लांबवले, आणि ठेका सावरल्यावर दोघे मिळून समेवर आले.

तात्यांचा हात मांडीवरच थांबला होता.

"खालीच होती," ते म्हणाले. "ती बरोबर सांगत होती."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, तेवढं पुन्हा लाव."