हुकमाची पाने

पोप तेविसावे जॉन यांच्या जन्मगावाची यात्रा करून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी तीन वर्षांपूर्वी आम्हांला एक पेटी भेट दिली. ते गाव इटलीतील बेर्गामो शहराजवळ आहे आणि पेटी त्या शहरात घेतलेली. आत जपमाळ असेल अशा समजुतीने आम्ही ती आदराने उघडली, तो निघाला पत्त्यांचा कॅट! पण असे पत्ते आम्ही जन्मात पाहिले नव्हते. जवळजवळ वीतभर लांबीची पाने, त्यांवर सोनेरी भूमीवर काढलेली चित्रे. त्रिमुकुट धारण करून आशीर्वाद देणारे परमगुरू, तलवार व तराजू घेतलेली न्यायमूर्ती, कर्णे फुंकणाऱ्या देवदूतांखाली थडग्यातून उठणारी माणसे. आमच्या आजीच्या अल्तारावरील तसबिरींची आठवण व्हावी अशी ती चित्रे होती.

हा टॅरोचा व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅट. मिलानचे ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा व त्यांची पत्नी बियांका मारिया व्हिस्कोंती यांच्या घराण्यासाठी १४५० च्या सुमारास तो रंगवला गेला. चित्रे बहुतांशी बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराची मानतात. टॅरोची पाने ७८. या कॅटाची ७४ उरली आहेत. ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या कारारा संग्रहालयात आणि १३ कोलेओनी घराण्याकडे. नसलेल्या चार पानांत एक सैतानाचे आहे. आमच्या कॅटात मात्र छापणाऱ्यांनी पदरचा सैतान घालून ती उणीव भरून काढली आहे. असो.

भविष्य सांगण्यासाठी हे पत्ते निर्माण झालेच नव्हते. तो हात करण्याचा खेळ होता. पेले, तलवारी, दंड आणि नाणी अशा चार रंगांची ५६ पाने, त्यांवर २१ चित्रांचे हुकूम आणि निराळा एक वेडा. हुकमांतही चढती पायरी आहे. सम्राटाला परमगुरू मारतो. धनुष्यबाण घेतलेला मृत्यूचा सांगाडा त्या दोघांनाही मारतो. आणि मृत्यूला मारते न्यायनिवाड्याचे पान! उपासकाळातले एखादे प्रवचन जणू पत्त्यांत उतरले आहे. खेळणाऱ्याला अडचण एवढीच की जुन्या चित्रांवर आकडे नाहीत, नावेही नाहीत. कोण कोणाला मारतो हे तोंडपाठ हवे. आम्ही मुलांना घेऊन दोन संध्याकाळी खेळून पाहिले आणि दोन्ही वेळा भांडणे झाली. देवादिकांची चित्रे खेळात असणे आपल्याकडेही नवे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची १२० पाने रंगवली गेली तीही खेळण्यासाठीच.

मग हे भविष्याचे वेड आले कोठून? १७८१ साली कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ असल्याचे ठोकून दिले. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्योंने उलगडली ती १८२२ साली. म्हणजे वाचता येण्याआधीच ग्रंथाचा अर्थ लागला होता! ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट तरुणपणी कॅथलिक झाले. त्यांनी १९८० साली एक जाडजूड ग्रंथ लिहून टॅरोचा खेळ म्हणून असलेला इतिहास साधार मांडला. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाचा २११६ वा परिच्छेद तर भविष्यकथनाचे सर्व प्रकार त्याज्य ठरवतो. हे सारे आम्हांला ठाऊक होते, आणि तरीही पुढची गोष्ट घडली.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा बोटीवर आहे. त्या पावसाळ्यात बारा दिवस त्याचा फोन नव्हता. ती संध्याकाळी घरी आली, टेबलावरची पाने पाहिली आणि म्हणाली, “दादा, माझ्यासाठी एक पान काढ ना.” आम्ही नाही म्हणायला हवे होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही कॅट पिसला. पान आले ते हातात वाळूचे घड्याळ धरलेल्या म्हाताऱ्याचे. (पुढच्या काळातील चित्रकारांनी त्याच घड्याळाचा कंदील केला.) “म्हणजे त्याची वेळ भरली,” असे म्हणून ती मटकन खाली बसली. हा नुसता काळ आहे, हे चित्र आहे, असे आम्ही परोपरीने सांगितले. जपमाळ झाली तरी तिचे रडे थांबेना.

चौथ्या दिवशी फोन आला. बोटीवरील संपर्कयंत्रणा बिघडली होती, मुलगा खुशाल होता. बहीण पेढे घेऊन आली आणि आम्ही थक्क झालो, कारण ती म्हणत होती, “पानाने खरेच सांगितले रे दादा. वेळ लागेल, धीर धर, हेच त्याचे सांगणे होते.” मुलगा परत आला नसता तरी ते पान खरेच ठरले असते! चित्र परके असते, एखाद्या मांत्रिकाचे असते, तर तिने ते घरात ठेवूही दिले नसते. पण इथे परमगुरू होते, देवदूत होते. तिला ती आपलीच माणसे वाटली. आम्हांलाही वाटली होती.

सुनेच्या बाळंतपणाआधी तिने पेटीची पुन्हा चौकशी केली. वाळवी लागली, असे आम्ही सांगितले. पुढे पापनिवेदनात ते सांगावे लागले. पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर, नाताळच्या गोठ्याच्या सामानामागे आहे. घड्याळवाल्या म्हाताऱ्याचे पान तेवढे त्यात नाही. पेढे आणले त्याच दिवशी आठवण म्हणून तिने ते मागून नेले. रविवारी मिस्साला तिने प्रार्थनापुस्तक उघडले की मुलाच्या फोटोशेजारी ते दिसते.