कामातून गेलेली, परसात आलेली

पडघ्याचं मामाचं जुनं घर या उन्हाळ्यात उतरवायचं ठरलं आहे. पुढं ओटी, वर कौलं, मागं न्हाणी आणि न्हाणीच्या पलीकडं परस. घर जाईल तेव्हा परसही जाईल, कारण नव्या घराच्या आराखड्यात तिथं गाडी उभी राहणार आहे. म्हणून दोन रविवार जाऊन परसातल्या वस्तूंची यादी केली. झाडांची नव्हे. झाडांभोवती मामीनं चाळीस वर्षांत जे मांडलं त्याची. यातली एकही वस्तू विकत आणलेली नाही. घरात, शेतात, रस्त्यावर, मागाखाली तिचं काम संपलं आणि मग ती परसात आली.

डोण. एकाच काळ्या दगडात कोरलेली, विहिरीच्या काठची. गुरं तिच्यात पाणी प्यायची. गोठ्यातली शेवटची म्हैस विकली त्या वर्षी मामीनं चौघांना बोलावून ती परसात ओढून आणली, तळाचं भोक सिमेंटनं बुजवलं आणि आत कमळाचा कंद सोडला. डोणीची एक कड मधोमध खोलगट झाली आहे, गुरांच्या माना घासून. पावसाळ्यात त्या खोलगट जागी बेडूक बसतो.

जातं. म्हणजे जात्याच्या दोन तळ्या, वेगवेगळ्या ठेवलेल्या. गावात पिठाची गिरणी आली तरी जातं लगेच परसात आलं नव्हतं. मेतकूट, भाजणी, नाचणीचं थोडंसं पीठ एवढ्यापुरतं ते चालत होतं. नंतर तेही थांबलं. तरी घरातलं शेवटचं लग्न होईपर्यंत त्याला हलवायचं नाही, असं आजीनं सांगून ठेवलं होतं, कारण घाणा भरायला जातं लागतं. आंब्याची पानं बांधलेलं जातं आणि मुसळ, पाच सवाष्णी, हळकुंडं. ते लग्न धाकट्या मामेबहिणीचं. त्याच्या पुढच्या वर्षी जातं बाहेर आलं.

मी तेव्हा शाळेत होतो. परसातल्या चिखलातून न्हाणीपर्यंत जायला पायाखाली दगड टाकत होतो. जात्याची वरची तळी मला अगदी बेताची वाटली, म्हणून लोटत नेऊ लागलो, तर मामी ओरडली, “अरे, तिला पाय नाही लावायचा. ती खायला घालते.” मग तिनं तळी उचलून तुळशीपाशी ठेवली. खुंटा कधीच कुजून गेला होता. त्याचं भोक पणतीच्या बुडाएवढं आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा त्या भोकात बसतो. वारा असला तरी विझत नाही, कारण अर्धी पणती दगडाच्या आत असते. तळीवर टाकीचे घाव अजून बोटाला लागतात. टाकी लावणारे वर्षाकाठी दारावरून ओरडत जायचे, पाट्याला आणि जात्याला टाकी लावून द्यायचे. त्यांची हाक ऐकलेलं माझ्या पिढीत कुणी असेल तर ते आता पन्नाशीच्या पुढं आहे.

खालची तळी फुटली आहे. तिचे दोन तुकडे कढीपत्त्याच्या बुंध्याशी आहेत.

रांजण एक, तडा गेलेला, गळ्यापर्यंत पुरलेला. आत अळू.

आता कौलं. वाफ्यांच्या कडेला ती तिरकी रोवलेली आहेत, एकाला एक टेकून, करवतीच्या दातांसारखी. दर दिवाळीला मामी त्यांना एकाआड एक चुना आणि गेरू लावायची. दरवर्षी माकडं छपरावर नाचायची, कौलं फुटायची, मे महिन्यात शाकारणी निघायची आणि कामाला न येणारी कौलं खाली यायची. वाफ्याची कड त्यातून वाढत गेली. या चपट्या, खाचेच्या कौलांना आपण मंगलोरी म्हणतो ते उगीच नाही. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडं गेली. त्याआधी आपल्याकडं कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं होती. तीही सात-आठ परसात आहेत, उलटी ठेवून चिमण्यांना पाणी घालण्यासाठी. मंगलोरी कौल पालथं केलं की खाली कारखान्याचा ठसा दिसतो. आमच्या कौलांवरचे ठसे झिजलेत. तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे आहेत एवढंच कळतं, नाव एकाचंही लागत नाही. मी कोळशानं कागदावर घासून उतरवून घेतले आहेत.

कौल चाळीस-पन्नास पावसाळे छपरावर काढतं आणि तितकेच जमिनीत काढू शकतं. भाजलेली मातीच ती. शेजारच्या घरांवर आता रंगीत पत्रा आहे. तो गळायला लागेल तेव्हा भंगारात जाईल. त्याची धार लागते, तो गंजतो, वाफ्याच्या कडेला त्याला कुणी लावणार नाही. परस सजवायच्या वस्तू संपत चालल्या याचं मला दिसलेलं कारण हे आहे. हौस गेली असं मला वाटत नाही. घरात येणाऱ्या वस्तूच आता अशा आहेत की काम संपल्यावर त्या मातीत शोभत नाहीत.

हेच विजेच्या खांबावरच्या चिनीच्या वाट्यांचं. पडघ्याचं नाव महाराष्ट्रातल्या वीजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी इथं येऊन संपते. १५०० मेगावॅट वीज वाहून आणण्याची तिची क्षमता. त्यामुळं आमच्या शिवारात भातापेक्षा मनोरे उंच. खांब बदलताना वायरमन जुने इन्सुलेटर खाली टाकून जायचे. तपकिरी, चकचकीत, घंटेच्या आकाराचे. फुटके असले तरी मुलं ते घरी आणायची. मामीनं ते उलटे पुरून गुलाबाभोवती गोल केला. पाऊस पडून गेल्यावर त्यांच्यावर ऊन आलं की ते काकवी लावल्यासारखे दिसतात. चंडीगडला नेकचंद सैनी नावाच्या रस्ते-निरीक्षकानं १९५७ पासून, कुणाला न सांगता, शहर बांधताना पाडलेल्या गावांतून अशाच वस्तू गोळा केल्या. इन्सुलेटर, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा. त्यातून रॉक गार्डन उभं राहिलं आणि १९७६ मध्ये ते लोकांना खुलं झालं. मामीला मी त्याचे फोटो दाखवले. तिनं बराच वेळ ते बघितले आणि विचारलं, “एकट्यानं केलं?” मग म्हणाली, “म्हणजे त्यालाही टाकवत नव्हतं.”

आताचे इन्सुलेटर करड्या पॉलिमरचे असतात. हलके, न फुटणारे. रस्त्यात पडलेला मी पाहिला आहे. मुलं त्याला पायानं उडवून पुढं गेली.

धोटे. अकरा.

हे धाकट्या मामाचे. पडघ्यातून भिवंडीला सकाळच्या एसटीनं जाऊन, पाळी संपवून, दुसऱ्या दिवशी सकाळी परतणारी माणसं एके काळी प्रत्येक आळीत होती. धाकटा मामा मागावर होता. हातात धोटा घेऊन बघितला तर कळतं की ही वस्तू किती नेमकी आहे. हातभर लांब, जड तांबूस लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, मधे कांडी बसायची खाच, आणि एका बाजूला चिनीमातीचा बारीक डोळा, त्यातून सूत बाहेर येतं. माग चालू असताना मिनिटाला शंभरावर वेळा तो या पेटीतून त्या पेटीत जातो. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की त्यावर पाण्याचा थेंब ठरत नाही. टोपी सैल झाली, लाकूड चिरलं की धोटा बाद. बाद झालेले धोटे मामा घरी आणायचा, आम्हाला ते होड्या म्हणून मिळायचे, आणि आमची होड्यांची वयं गेल्यावर मामीनं ते आंब्याच्या खालच्या फांदीला सुतळीनं टांगले. वारा आला की पोलादाला पोलाद लागतं. रात्री खाटेवर पडून ऐकलं की धाकटा मामा म्हणायचा, लांबून कारखान्यात माग चालू असल्यासारखं वाटतं.

एका धोट्याच्या खाचेत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आहे. तो मी हलवला नाही.

भिवंडीत नवे माग बिनधोट्याचे येत आहेत. जुने साधे माग बिडाच्या भावानं वजनावर जातात. धोटा लाकडाचा, म्हणून त्याला वजनात किंमत नाही. तो तसाच पडून राहतो किंवा जळणात जातो. ज्यांच्या घरी एखादा आहे त्यांनी तो जपून ठेवावा. कापडाच्या गावाची ही सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त चाललेली वस्तू आहे.

डालड्याचे डबे पाच होते, दोन उरलेत. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि पुढं कितीतरी वर्षं गरिबाघरच्या गच्चीवर, गॅलरीत, परसात पहिली कुंडी त्याचीच होती. तळाला खिळ्यानं चार भोकं पाडायची, एवढंच काम. शेवंती, अबोली, कधी ओवा. चार-पाच पावसाळ्यांत बूड जातं. तळातून मुळं जमिनीत उतरतात आणि मग डबा उचलताच येत नाही. उरलेल्या दोनपैकी एकाचं तसंच झालं आहे. पत्रा कागदासारखा सुटतोय. माडाचं झाड मात्र अजून दिसतं.

तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यात बांगड्यांचे तुकडे आहेत. हिरवे, लाल, थोडे निळे. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वाढलेली बांगडी केरात टाकायची नाही, म्हणून घरातल्या बायकांनी ते तुकडे एका बरणीत साठवले होते. चौथरा बांधला तेव्हा ओल्या सिमेंटमध्ये मामीनं, आजीनं आणि मोठ्या मामीनं बसून ते दाबले. मधे एक फुटक्या बशीचा तुकडा आहे, त्यावर निम्मं गुलाबाचं फूल. चौथरा फोडल्याशिवाय यातलं काही काढता येणार नाही, आणि चौथरा नेमका गाडीच्या जागेत येतो.

बारीकसारीक: कोरफडीच्या काट्यांच्या टोकांवर अंड्याची टरफलं, आता कुणी लावत नाही. दुधीच्या मांडवावर काळं मडकं, चुन्याचे डोळे काढलेलं, दृष्टीसाठी. खडवलीला भातसा नदीतून आणलेले गोटे, त्यांतल्या काहींना पांढरी कडी आहे; दर सहलीला प्रत्येकानं एक आणायचा, असा मुलांचा रिवाज होता. घासलेटच्या कंदिलाचा सांगाडा, काच नाही.

यादीत नसलेली एक वस्तू लिहून ठेवतो. बैलगाडीचं चाक. ते वईला टेकून उभं असायचं, त्याच्या आऱ्यांतून कारल्याचा वेल जायचा. तुंबा, आरे, पाटे, बाहेरची लोखंडी धाव, सगळं शाबूत. चार वर्षांपूर्वी एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. घरातल्या कुणीतरी दिलं, मामी तेव्हा दवाखान्यात होती. हमरस्त्यावरच्या ढाब्यांच्या दारात अशी चाकं रंगवून उभी केलेली मी पाहतो. दरवेळी गाडी हळू करतो. आपलं ओळखता येईल असं वाटतं, कारण एका आऱ्याला तारेनं बांधलेलं होतं. अजून दिसलेलं नाही.

पडघ्याच्या भोवती जमीन वेगानं बदलते आहे. गोदामं तर आहेतच. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या उशाशी येऊन टेकला. रस्त्याकडेच्या नर्सरीत सिमेंटचे बगळे, फायबरची हरणं, गोणीत भरलेले पांढरे गुळगुळीत दगड मिळतात. मामेभावानं नव्या घरासाठी त्यातले दगड सांगून ठेवले आहेत. त्याची हौसही खरी आहे, मी त्याला नको म्हणालो नाही. फक्त खडवलीचे गोटे त्याच गोणीत मिसळून टाक, एवढं म्हणालो. तो म्हणाला, बघतो.

ठरलं ते असं. डोण राहील, कारण ती हलवायला क्रेन लागेल. जात्याची वरची तळी आणि दिवा नव्या घरात ओट्यावर येईल. याबाबत मामीनं कुणाला विचारलेलं नाही. धोटे मी माझ्याकडं आणतो आहे, कुंभारीण उडून गेल्यावर. चौथऱ्याचं अजून ठरलेलं नाही.

वाफ्याच्या कडेची कौलं मोजली. एकशे बारा भरली, अखंड. त्यांना नव्या घरात जागा नाही. पडघा, खडवली, वाशिंद, कल्याण, कुठंही ज्यांच्याकडं माती आहे आणि वाफा आहे त्यांनी पावसाआधी येऊन ती घेऊन जावीत. पैसे नकोत. मामीचं म्हणणं एवढंच आहे की ती तिरकी लावावीत आणि दिवाळीला चुना-गेरू चुकवू नये.