स्टॅमफर्ड येथील दोन रात्री

पत्नीचे वर्षश्राद्ध उरकल्यावर पंधरा दिवसांच्या आत मी विलायतेस निघालो, याचे आमच्या आप्तमंडळींत पुष्कळांस नवल वाटले. प्रवासाची हौस मला कधीच नव्हती. महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवला, पण तो पुण्यात बसून. इंग्लंडातील राजांची सनावळी तोंडपाठ आणि इंग्लंड मात्र नकाशावर पाहिलेले, अशी माझी विद्वत्ता. निघण्याचे कारण निराळेच होते. माझी एकुलती एक कन्या गेली सहा वर्षे लेस्टर शहरी डॉक्टर म्हणून काम करीत होती. तिला आता परत आणावे, रिकाम्या घरात पुन्हा दोन माणसांचा आवाज व्हावा, असे मी मनाशी ठरविले होते. आमच्याकडील एका रुग्णालयाच्या प्रमुखांकडून तिला जागा देऊ करणारे पत्रही मी लिहवून घेतले, आणि तहाची कलमे बांधून घेऊन एखादा पेशवाईतला वकील निघावा, तसा ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून निघालो.

लेस्टरला पोहोचतो तो घरात जिकडेतिकडे खोकी! पुढील महिन्यापासून एडिंबरो येथे तिला वरची जागा मिळाली होती. "तुम्ही आलात की समोरासमोर सांगेन, म्हणून कळवले नाही," असे ती म्हणाली. मी "उत्तम झाले" एवढेच म्हटले. ते कोणत्या आवाजात म्हटले, हे तिचे तिला ठाऊक. नंतरचे दहा दिवस आम्ही दोघेही हवापाण्याविषयी पुष्कळ बोललो.

शेवटी तिनेच सुचविले की, मला विमानासाठी लंडनला जावयाचे आणि तिला मोटार घेऊन उत्तरेस जावयाचे, तर वाटेत स्टॅमफर्ड या गावी दोन रात्री राहू व तेथून आपापल्या मार्गाला लागू. "तुम्हांला आवडेल, बाबा. तेथे सगळे जुनेच आहे."

स्टॅमफर्ड हे लिंकनशायर परगण्याच्या दक्षिण टोकाशी, वेलंड नदीच्या काठी वसलेले बाजाराचे गाव. वस्ती सुमारे २० हजारांची. दिसण्यात ते असे आहे की, मोटारीतून उतरल्यावर मी काही वेळ तसाच उभा राहिलो. घरे, चर्चे, दुकाने, पूल, सारे एकाच फिकट पिवळ्या चुनखडीच्या दगडाचे. हा दगड बार्नॅक, केटन अशा आसपासच्या खाणींतला. आणि छपरांवर कौले नव्हेत, तर कॉलीवेस्टन येथील दगडाच्या पातळ फरश्या. उन्हे कलली की अवघे गाव साजूक तुपात परतलेल्या रव्याच्या रंगाचे दिसते. (ही उपमा माझ्या कन्येस फारशी आवडली नाही, पण मी ती मागे घेत नाही.) इंग्लंडात जुन्या वस्तीचे संरक्षित क्षेत्र ठरविण्याचा कायदा १९६७ मध्ये झाला, तेव्हा तो मान पहिल्याने याच गावाला मिळाला. पुढे बीबीसीने 'मिडलमार्च' या कादंबरीवर मालिका केली व ती १९९४ मध्ये दाखविली गेली, तीतील गाव म्हणून हेच वापरले.

नदीच्या दक्षिणेस, पूल ओलांडताच, 'जॉर्ज' नावाचे उतारूगृह आहे. आमचा मुक्काम तेथे होता. त्याची पहिली खूण दुरूनच दिसते. रस्त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, डोक्यावरून एक भली मोठी आडवी तुळई गेली आहे आणि तीवर उतारूगृहाचे नाव आहे. तिचा आकार फाशीच्या खांबासारखा. सज्जन प्रवाशाचे स्वागत आणि वाटमाऱ्यास ताकीद, असा तिचा दुहेरी अर्थ तेथील लोक सांगतात. मी तिच्याखालून गेलो तेव्हा खिशातील पत्राची मला उगीचच आठवण झाली.

इमारतीचा दर्शनी भाग राणी एलिझाबेथचा प्रधान विल्यम सेसिल, लॉर्ड बर्ली, याने १५९७ च्या सुमारास बांधविला असे म्हणतात. याच सेसिलचा बर्ली हाउस नावाचा प्रचंड वाडा गावापासून मैलभर आहे, आणि त्याची समाधी 'जॉर्ज'च्याच रस्त्यावरील सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये. परंतु मला खिळवून ठेवले ते प्रवेशद्वाराशी असलेल्या दोन खोल्यांनी. दोन्हींच्या भिंतींना काळसर लाकडाच्या फळ्या जडविलेल्या. एका दारावर लिहिले आहे 'लंडन', दुसऱ्यावर 'यॉर्क'. पूर्वी दक्षिणेकडे जाणाऱ्या उतारूंनी पहिल्या खोलीत बसावे आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांनी दुसऱ्या, अशी येथली रीत होती.

आगगाडी येण्यापूर्वी लंडनहून एडिंबरोस जाणारा हमरस्ता याच दारावरून जात असे. ऐन भरभराटीच्या दिवसांत येथे रोज वीस गाड्या उत्तरेच्या व वीस दक्षिणेच्या थांबत, असे सांगतात. चौघोडी गाडी, आत बसणारांचे भाडे जास्त, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांनी टपावर, पावसापाण्यात, कठड्यास धरून बसावयाचे. दहा-बारा मैलांवर घोडे दमत, म्हणून ठिकठिकाणी ताजे घोडे सज्ज ठेवावे लागत. मागच्या अंगणात, जेथे आज फुलांच्या कुंड्यांमध्ये लोक चहा घेत बसतात, तेथे त्या काळी केवढी धांदल असेल! घोड्यांचे फुरफुरणे, मोतद्दारांचा आरडाओरडा, कोणाची पेटी चुकीच्या गाडीवर चढलेली, आणि गाडीवान शिंग फुंकतो आहे म्हणून घास अर्धाच टाकून धावणारे उतारू. पुढे आगगाडीचा मुख्य मार्ग १८५२ मध्ये पीटरबरोहून ग्रँथमकडे गेला आणि स्टॅमफर्ड बाजूस पडले. गाड्या गेल्या. कारखाने या बाजूस फारसे फिरकले नाहीत, आणि म्हणून गाव मोडले नाही. बाजूस पडण्याचाही असा उपयोग होतो.

आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. तेथे पोहोचण्यास दोन वळणे व तीन लहान जिने चढावे-उतरावे लागत, आणि जमीन अशी काही कललेली की, झोपताना डोके कोणत्या बाजूस करावे याचा विचार पडावा. जेवणाविषयी मी साशंक होतो. पण वाढणाऱ्या मुलाने मी शाकाहारी असल्याचे ऐकताच, अंडे चालते काय, चीज चालते काय, अशी बारीक चौकशी करून सर्व पथ्य सांभाळले. आमच्याकडे व्याहीसुद्धा इतके विचारीत नाहीत.

दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे बाजाराचा. ब्रॉड स्ट्रीटवर पाले लागली होती. भाज्या, पाव, कापड, झाडांची रोपे. सप्टेंबर महिना असल्यामुळे अलुबुखारे आले होते, ते आम्ही घेतले व पुडीतून खात हिंडलो. याच रस्त्यांतून दर वर्षी १३ नोव्हेंबरला बैल सोडून त्याच्या मागे अवघे गाव धावत असे. शेकडो वर्षांचा तो क्रूर खेळ १८३९ मध्ये एकदाचा थांबला. सेंट मार्टिनच्या दफनभूमीत डॅनियल लँबर्टची पाटी पाहिली. हा लेस्टरचा तुरुंगाधिकारी; वजन ७३९ पौंड. १८०९ च्या जूनमध्ये तो येथे आला आणि एका उतारूगृहात अकस्मात वारला. त्याची शवपेटी चाकांवर बसवावी लागली आणि बाहेर काढण्यासाठी भिंत पाडावी लागली. लोक हे हसत हसत सांगतात. माझ्या मनात मात्र एवढेच आले की, लेस्टर येथून जेमतेम तीस-पस्तीस मैल, पण तो पुन्हा घरी गेला नाही. पाटी लेस्टरच्या मित्रांनी बसविली आहे.

यानंतर आम्ही सेंट पॉल्स स्ट्रीटवर एक जुनी दगडी कमान पाहावयास गेलो. ही कमान पाहून माझ्यातला शिक्षक जागा झाला. १३३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठात भांडण होऊन कित्येक अध्यापक व विद्यार्थी तेथून निघाले आणि त्यांनी स्टॅमफर्डला येऊन आपले निराळे विद्यापीठ मांडले. ऑक्सफर्डकरांना हे कसे सोसावे? त्यांनी राजाकडे, तिसऱ्या एडवर्डकडे, दाद मागितली, आणि १३३५ मध्ये राजाच्या हुकमाने या मंडळींना येथून उठविण्यात आले. एवढ्यावर भागले नाही. स्टॅमफर्ड येथे कधीही शिकविणार नाही, अशी शपथ ऑक्सफर्डच्या पदवीधरांकडून घेण्याचा प्रघात पडला, आणि तो चालला १८२७ पर्यंत! ते पळून आलेले लोक म्हणे येताना आपल्या वसतिगृहाच्या दाराची पितळी कडीही घेऊन आले होते. या कमानीच्या दारावर ती शतकानुशतके होती. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयाने १८९० मध्ये ती मिळविण्यासाठी येथील ते घरच विकत घेतले आणि कडी परत नेली.

मी हे सारे रंगात येऊन, हातवारे करून सांगत होतो. "पाहा, पाचशे वर्षे झाली तरी रुसवा जाईना! गेलेली माणसे परत आणली, वर शपथा घातल्या, आणि अखेर एका कडीसाठी घर विकत घेतले. केवढा हा हट्ट!" असे म्हणून मी हसलो.

ती हसली नाही. हातातल्या अलुबुखाऱ्याची बी तिने कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "बाबा, मला शपथ केव्हा घालणार आहात?"

मी काहीच बोललो नाही.

"मावशीने मला जुलैमध्येच कळवले. पत्राचे. मी रोज वाट पाहते आहे, आज काढाल, उद्या काढाल."

नदीकाठच्या कुरणात एक बाक होते, तेथे जाऊन आम्ही बसलो. पत्र मी काढले. दहा दिवस खिशात राहून त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या. तिने ते सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत वाचले, पुन्हा घडी घातली आणि माझ्या हाती दिले. "चांगले पत्र आहे. पण मी येणार नाही." एवढे स्पष्ट ती कधी बोलत नसे, हे तिच्या आईचे बोलणे. मग हळूहळू दोघेही बोललो. आईच्या अखेरच्या आठवड्यात तिला वेळेवर येता आले नाही, हा सल तिला होता. माझ्या मनात त्याचा राग असेल, अशी तिची समजूत. तो राग होता, हे मी कबूल केले. आता आहे काय, असे तिने विचारले. मी खरे सांगितले की, थोडा आहे. ती रडली, मीही. पाण्यावर बदके होती आणि एक म्हातारी बाई त्यांना दाणे टाकीत होती, तिने आमच्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्या बाईचा आजही ऋणी आहे.

त्या रात्री जेवताना तिने आईच्या कितीतरी गोष्टी काढल्या. त्यांपैकी काही मला ठाऊकच नव्हत्या. आईने तिला परदेशी पाठविण्यासाठी आपल्या पाटल्या मोडल्या होत्या व मला भिशी लागल्याचे सांगितले होते, ही त्यांतलीच एक. मी पाचशे वर्षांचा इतिहास सांगतो, आणि घरातल्या पाटल्यांचा मला पत्ता नाही.

शनिवारी सकाळी निघावयाचे. तिला सुमारे ३०० मैल मोटार हाकावयाची होती, म्हणून ती आधी निघणार. मला दहाच्या सुमारास पीटरबरोकडे जाणारी आगगाडी होती व तेथून लंडनची. सामान खाली आणल्यावर तिला काय वाटले कोण जाणे, ती यॉर्कच्या खोलीत जाऊन एका खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही तिकडे बसायचे, बाबा. तुमची गाडी दक्षिणेची." मी लंडनच्या खोलीत जाऊन बसलो. दोन्ही दारे उघडी होती. मधल्या वाटेने लोक ये-जा करीत होते, त्यांच्या आडून आम्ही एकमेकांस पाहत होतो. तेथल्या नोकराने, वीस-बावीस वर्षांचा असेल, एकवार तिच्याकडे व एकवार माझ्याकडे पाहिले आणि कॉफीचे दोन पेले दोन खोल्यांत नेऊन दिले.

कॉफी संपल्यावर ती उठून आली, वाकून नमस्कार केला, आणि उन्हाळ्यात एडिंबरोस येण्याचे तिने माझ्याकडून वदवून घेतले. "शपथ नको," मी म्हटले, "येतो." मोटार तुळईखालून गेली, पूल चढली, आणि चर्चच्या मनोऱ्यापाशी वळून दिसेनाशी झाली. मी आत येऊन पुन्हा लंडनच्या खोलीत बसलो. गाडीला अजून पाऊण तास होता. नोकराने विचारले, आणखी कॉफी आणू काय? मी आण म्हणून सांगितले.